तांब्या सुटतो, मग घर का सुटू नये?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर 'ताबा सूचना' छापून येतात, कर्ज थकलं म्हणून मिळकत ताब्यात घेतल्याच्या. बारीक अक्षर, कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, थकीत रक्कम आणि खाली मिळकतीचं वर्णन: गट नंबर, मिळकत क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. बहुतेक वाचक ते पान उलटत असतील. मी मात्र ओळ न् ओळ वाचतो. पुणे जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांत मी २९ वर्षं बेलिफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा कर्मचारी, होतो. 'पूर्वेस रस्ता, दक्षिणेस भावाचे घर, उत्तरेस बोळ' एवढं वाचलं की ते घर माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. अशा कितीतरी घरांच्या दारावर मी स्वतःच्या हातानं कागद डकवला आहे. त्यातल्या एका घराबद्दल आणि त्याच्या निमित्तानं राहत्या घराला कायद्यात काय संरक्षण आहे याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

१९९६ सालची गोष्ट. कोरडवाहू तीन एकरांचा एक शेतकरी. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून एका व्यापाऱ्याकडून वचनचिठ्ठीवर अठरा हजार घेतले. काही गहाण नव्हतं. पैसे फिटले नाहीत, दावा झाला. समन्स मिळूनही माणूस कोर्टात आला नाही, कारण वकिलाला द्यायला पैसे नव्हते आणि कोर्टाची भीती होती. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याच्या गैरहजेरीतच पैसे देण्याचा निकाल, झाला. मग दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी व्यापाऱ्याचा कोर्टात अर्ज, आणि दरखास्तीतून निघालेलं जप्तीचं वॉरंट घेऊन मी त्या घरी गेलो.

पहिल्या खेपेला जंगम जप्ती होती, म्हणजे घरातल्या चीजवस्तूंची. दोन खणांचं घर, मातीच्या भिंती, वर पत्रा. दोन पंच, दरखास्तदाराचा माणूस आणि मी. घरची बाई जमीन सारवत होती. हात तसेच शेणाचे ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तांब्या लिवू नका, लेकराला पाणी पाजायला येवढाच हाय." मी म्हटलं, "ताई, तांब्या लिहायचा नसतोच. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, तुमचं मंगळसूत्र, बैल, औत, बियाणं यातलं काहीच घेता येत नाही." हे मला पाठ होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, खंड (ए) आणि (बी). त्या दिवशी जप्त करण्यासारखं काही निघालं नाही आणि मी 'निरंक' पंचनामा करून परतलो. त्या घराची भांडी कायद्यानं वाचवली याचं मला समाधान वाटलं होतं.

दोन महिन्यांनी दुसरी खेप. आता स्थावर, म्हणजे घर-जमिनीची जप्ती. जमीन भावाभावांत सामाईक, वाटप झालेलं नाही, म्हणून दरखास्तदारानं घर धरलं होतं. गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, त्याच्या एकट्याच्या नावाचं. हलगी वाजवून दवंडी दिली, हुकमाची एक प्रत दारावर, एक ग्रामपंचायतीत, एक कोर्टाच्या फलकावर. बाई या खेपेला काही बोलली नाही. नवरा ओट्यावर बसून होता. त्यानं अंगठा दिला. आणखी काही महिन्यांनी लिलाव झाला, विक्री कायम झाली आणि तिसऱ्या खेपेला मी ताब्याचं वॉरंट घेऊन गेलो.

त्या दिवशी त्या बाईनं देवळीतले देवाचे टाक काढून पदरात बांधले. पाटा-वरवंटा बाहेर नेला. मी कुलूप काढलं तेव्हा ती म्हणाली, "थांबा. आधी चूल मोडू द्या. माझी चूल दुसऱ्याला पेटवू द्यायची न्हाई." आणि पहारीच्या तीन घावांत तिनं ती मोडली. राख अजून गरम होती. पंचनाम्यात मी लिहिलं, 'मिळकत रिकामी करून शांततेत ताबा दिला.'

चारेक वर्षांनी माझी दुसऱ्या तालुक्याला बदली झाली. तिथेही अशाच एका शेतकऱ्याच्या घरावर मी जप्तीचा कागद लावला. पण त्याला एक नवी वकील मुलगी भेटली होती. तिनं दीड पानाचा हरकत अर्ज दिला. सोबत सातबारा, ८-अ चा खाते उतारा आणि तो स्वतः शेती करतो, त्यावरच पोट भरतो असं प्रतिज्ञापत्र. अर्जात कलम होतं ६०, पोटकलम (१), खंड (सी): शेतकरी, मजूर किंवा घरगुती नोकर यांच्या मालकीचं, ते स्वतः राहत असलेलं घर, त्याखालची जागा आणि त्याला लागून असलेली, वापराला आवश्यक जमीन जप्त करता येत नाही आणि विकता येत नाही. न्यायाधीशांनी जप्ती उठवली. दारावर मीच चिकटवलेला कागद काढायला मीच गेलो. नोकरीत असा कागद काढायची ती पहिलीच वेळ होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या कलमातला तांब्या मला पाठ होता, त्याच कलमात दोन ओळी खाली घर होतं. चूल मोडणाऱ्या बाईचं घर जायला नको होतं. कोणी बेकायदा वागलं असंही म्हणता येत नाही. हरकत घेतल्याशिवाय कोर्टाला कळत नाही की ऋणको, म्हणजे देणेकरी, शेतकरी आहे की दुकानदार, आणि बेलिफाचं काम वॉरंट बजावण्याचं. पण हरकत घ्यायची असते हे त्या माणसाला सांगणारं कोणी नव्हतं. वॉरंट हातात असलेला मीही नव्हतो.

म्हणून आधी वाचकांना उपयोगी पडेल ते सांगतो. विनातारण पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचं, शेतमजुराचं, कामगाराचं, धुणीभांडी करणाऱ्या बाईचं राहतं घर जप्त होत नाही. मजूर आणि घरगुती नोकर हे दोन शब्द १९७६ च्या दुरुस्तीनं आले. 'मजूर' म्हणजे नुसता बिगारी नव्हे, कुशल आणि अर्धकुशलही त्यात येतो. आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट त्याच दुरुस्तीनं आली, ती वकिलांनाही चटकन आठवत नाही. सावकार स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात की 'कलम ६० चा फायदा मी मागणार नाही, घरावर वसुलीस माझी हरकत नाही.' पोटकलम (१ए) सांगतं की असा करार रद्दबातल आहे. सही केली असली तरी. मात्र हरकत लिलावाच्या आधी घ्यायला हवी. विक्री कायम झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

आता ज्यांना हे संरक्षण नाही त्यांच्याकडे येतो. माझ्या शेवटच्या वर्षांतली एक बजावणी एका शिंप्याच्या घरावर होती. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली, पुढे मशीन, मागे संसार. मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होता. मित्र गाव सोडून गेला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे हुकूमनामा या दोघांवर आणि वसुली सापडणाऱ्यावर. कारागिराची अवजारं कलम ६० नं सुटतात, म्हणून शिलाई मशीन सुटलं. ज्या खोलीत ते मशीन ठेवायचं ती खोली गेली. तो शेतकरी नाही, कोणाच्या हाताखालचा मजूर नाही, म्हणून त्याच्या घराला कायद्यात जागा नाही. शिंपी, न्हावी, किराणा दुकानदार, रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, सगळ्यांची हीच स्थिती.

पण ही स्थिती महाराष्ट्रात आहे. पंजाबात नाही. तिथे स्वातंत्र्याच्या आधीच, कर्जबाजारीपणाविरुद्धच्या कायद्यांच्या लाटेत, याच कलम ६० ला एक जादा खंड जोडला गेला. इंग्रजीत तो तीन 'सी' नं ओळखला जातो. शेतकरी नसलेल्या ऋणकोचंही एक मुख्य राहतं घर, त्याला जोडलेल्या इमारती आणि आवश्यक जागा जप्तीतून मुक्त. फक्त ज्या कर्जासाठी तेच घर तारण दिलं आहे त्या कर्जाला हे लागू नाही. आज पंजाब, हरियाणा आणि दिल्लीत हा खंड चालतो. म्हणजे माझा शिंपी लुधियानाला किंवा दिल्लीत राहत असता तर त्याची खोली वाचली असती. दिवाणी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. आपल्या विधिमंडळानं मनात आणलं आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली तर हा एक परिच्छेद महाराष्ट्राच्या कायद्यातही येऊ शकतो. माझी मागणी एवढीच आहे.

हा विषय माझ्या डोक्यात पुन्हा जागा झाला तो अमेरिकेत. मुलगी टेक्सस राज्यात, डॅलसजवळ असते. गेल्या खेपेला आम्ही सहा महिने तिच्याकडे होतो. त्यांनी नुकतंच घर घेतलं होतं आणि जावई स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक अर्ज भरत बसले होते. वर 'होमस्टेड' असा शब्द. मी अर्थ विचारला. ते म्हणाले, "बाबा, राहतं घर आहे म्हणून घरपट्टीत सूट मिळते. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आणि घराचा पत्ता एकच पाहिजे." पट्टी बरीच कमी होते खरी. शाळेसाठीच्या करात घराच्या किमतीतले एक लाख डॉलर मोजायचेच नाहीत असं तिथल्या मतदारांनी २०२३ मध्ये ठरवलं होतं; २०२५ मध्ये ती रक्कम आणखी वाढवली.

पण माझं मन पट्टीत रमलं नाही. मी विचारलं, "आणि जप्ती?" त्यांना माहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून शोधलं. टेक्ससमध्ये राहत्या घराचं संरक्षण राज्याच्या घटनेतच आहे. शहरात १० एकरांपर्यंत, खेड्यात कुटुंबाला २०० एकरांपर्यंत. क्रेडिट कार्डाचं देणं, दवाखान्याचं बिल, धंद्यातली उधारी, यांसाठी कोणी हुकूमनामा आणला तरी घराला हात लावता येत नाही. घर घेण्यासाठीच काढलेलं कर्ज, घराचा कर, घराच्या दुरुस्तीसाठी रीतसर करार करून केलेला खर्च, असे ठरावीकच अपवाद. घर एकाच्या नावावर असलं तरी नवरा-बायको दोघांच्या संमतीशिवाय ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. नवरा गेला तर बायको तिथे राहू शकते. घर आधीच स्वतःचं असताना त्यावर वरखर्चासाठी कर्ज काढणं तर १९९७ च्या घटनादुरुस्तीपर्यंत तिथे जवळजवळ बंदच होतं, आणि आताही घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. फ्लोरिडातही असंच, शहरात अर्धा एकर, बाहेर १६० एकर. सगळ्या राज्यांत मात्र इतकं नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम बघावा, पट्टीची सूट मिळाली म्हणजे घर सुरक्षित झालं असं धरून चालू नये.

(एक गोंधळ दूर करतो, कारण मलाही झाला होता. लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेला होमस्टेड कायदा वेगळा. त्यात पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. ती जमीन त्याआधी तिथल्या मूळ रहिवाशांची होती, हेही सांगायला हवं.)

जप्तीतून घर सोडवणारा टेक्ससचा पहिला कायदा १८३९ चा आहे, टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हाचा. त्याची यादी वाचताना मी जागेवरच बसलो. ५० एकर जमीन किंवा गावातली एक जागा, घर, धंद्याची अवजारं आणि पुस्तकं, पाच दुभत्या गाई, एक बैलजोडी किंवा एक घोडा, वीस डुकरं आणि वर्षभराचं धान्य. ही तर बेलिफाची यादी! आपलं कलम ६० आणि ती यादी एकाच प्रश्नाला उत्तर देतात: माणसाकडून देणं वसूल करताना त्याच्याकडे काय ठेवलं म्हणजे तो उद्या उठून पुन्हा कामाला लागेल?

आणि हा प्रश्न आपल्या मातीत परका नाही. बारामती तालुक्यातल्या सुप्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, खतं, रोखे बाहेर काढून जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला, त्यात वाढीव शेतसारा. कर्ज तेवढं राहिलं आणि कोर्टात एकतर्फी हुकूमनामे होत गेले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात दोन गोष्टी होत्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची स्थावर मिळकत जप्त करायची नाही, विकायची नाही. ज्या जिल्ह्यात हे एकदा लोकांनी झगडून मिळवलं, त्याच जिल्ह्यात १९९६ साली मी एका शेतकऱ्याच्या घराला कुलूप लावलं.

शेजारच्या गोव्यातही बघा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्यानं नुसतं हुसकावण्यापासून संरक्षण नाही, तर घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. अंमलबजावणीबद्दल तिथले लोक तक्रारी करतात, पण हक्क कागदावर आहे.

काही जण म्हणतील, घर जप्त होणार नसेल तर गरिबाला उसने पैसे कोण देईल? हा प्रश्न खोटा नाही. पण पंजाबात, दिल्लीत उधारी बंद पडलेली नाही. घर तारण देऊन कर्ज काढायची वाट मोकळीच राहते. दुसरी शंका जास्त खरी आहे: मोठे थकबाकीदार बंगल्यात पैसा गुंतवून बसतील. त्यासाठी क्षेत्राची मर्यादा घालावी. शिंप्याच्या खोलीला आणि डोंगरावरच्या बंगल्याला एकच माप लावा असं मी म्हणत नाही. आणि घर नमुना ८ वर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचं शासनाचं २००३ चं परिपत्रक आहे, ते किती गावांत पाळलं गेलंय ते ग्रामसभेत विचारा. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे हे मला माहीत आहे, पण बाईचं नाव त्यावर असलं तर नोटीस निदान तिच्याही हातात पडते.

गहाण घराचं सांगायचं राहिलं, कारण आपल्या पानावरच्या ताबा सूचना बहुतेक त्याच असतात. तिथे कलम ६० कामाला येत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँक कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. त्यात शेतजमीन वगळली आहे, राहतं घर वगळलेलं नाही. पण मुदती आहेत आणि त्या मुदतीच कर्जदाराचा आधार आहेत. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस. त्या नोटिशीला लेखी हरकत दिली तर बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ताब्याची कारवाई झाल्यावर, तो ताबा नुसता 'प्रतीकात्मक' म्हणजे दारावर कागद लावण्यापुरता असला तरी, ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पुण्यात ते आहे. मुद्दलाची आणि व्याजाची बाकी २० टक्क्यांच्या खाली आली असेल तर ही कारवाईच करता येत नाही. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळे पैसे भरून घर सोडवायचं तर ते लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी. लिलावाच्या आदल्या दिवशी सोनं मोडून पैसे आणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर!

खासगी सावकारानं कर्जापोटी खरेदीखतच करून घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो व्यवहार सावकारीचा होता असं सिद्ध झालं तर खत रद्द होऊन मिळकत परत मिळू शकते.

संपादक महाशय, आपणाला एक विनंती. या सूचना छापणं कायद्यानं लागतं, आणि त्यातली एक मराठी वर्तमानपत्रात लागते, ती कर्जदाराला वाचता यावी म्हणूनच. त्या पानाच्या तळाला एक छोटी चौकट द्या: ६० दिवस, १५ दिवस, ४५ दिवस, कलम ६० खंड (सी), आणि तालुका विधी सेवा समिती. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते. बाईमाणसाला तिथे फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. चूल मोडणाऱ्या त्या बाईला हे मी ओट्यावर उभं राहून दोन मिनिटांत सांगू शकलो असतो.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर टेक्ससचा भाग कापावा, कलम ६० चा ठेवावा.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
दौंड, जि. पुणे
(नाव व पत्ता कळवला आहे, प्रसिद्ध करू नये.)